समजायला वेळ लागू द्या, पण घरातली त्याची जागा आजच शाबूत असू द्या

प्रश्न विचारणाऱ्या वडिलांनी थोडक्यात असे लिहिले आहे. त्यांचा मुलगा १७ वर्षांचा असून पुण्यात वसतिगृहात राहून बारावी करतो. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला असताना आईने त्याच्या मोबाइलमधले संदेश वाचले आणि त्याचे एका मुलावर प्रेम आहे हे उघड झाले. दोन दिवस घरात आरडाओरड आणि रडारड चालली. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "मी असाच आहे. तुम्हाला माझी लाजच वाटत असेल, तर मी नसलेलाच बरा." तेव्हापासून तो खोलीतून फारसा बाहेर येत नाही. एका पाहुण्यांनी शहरातल्या एका डॉक्टरांचे नाव सुचवले आहे. ते तीन महिन्यांत 'हे सगळे बरे करतात' म्हणे. वडील विचारतात, की मुलाला त्यांच्याकडे न्यावे का, की परीक्षा होईपर्यंत हा विषयच काढू नये. आणि मुलाचे ते वाक्य रागाच्या भरातले समजून सोडून द्यावे का?

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करतो, कारण जो तुम्ही शेवटी, जवळजवळ जाता जाता विचारला आहे, तोच सर्वांत आधी हाताळायचा आहे. मुलगा समलिंगी आहे का, तो तसाच राहील का, लोक काय म्हणतील, हे सगळे प्रश्न पुढचा महिनाभर थांबू शकतात. "मी नसलेलाच बरा" हे वाक्य थांबू शकत नाही. ते रागात निघाले असेल, हे मी नाकारत नाही. पण गेली बावीस वर्षे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी एवढे शिकलो आहे, की खरे काय ते माणसे बऱ्याचदा रागाच्या आडोशानेच सांगतात. शिवाय तुम्ही लिहिलेल्या घटनांचा क्रम पाहा. त्याने स्वतः होऊन काही सांगितले नव्हते. त्याचे गुपित त्याच्या हातून काढून घेतले गेले. त्यानंतर दोन दिवस त्याने आईवडिलांचा संताप पाहिला आणि मग तो गप्प झाला. असे अकस्मात उघडे पडल्यानंतरचे दिवस अशा मुलांसाठी सर्वांत नाजूक असतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून प्रत्यक्ष न भेटता मी त्याच्याविषयी निदान करू शकत नसलो, तरी आज रात्री त्याच्याशी बोला, एवढे मी निःशंकपणे सांगू शकतो.

बोलायचे कसे, हे बहुतेक वडिलांना अवघड जाते. आत्महत्येचा शब्द उच्चारला तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, अशी भीती जवळपास प्रत्येक घरात असते. ती निराधार आहे. या विषयावर बराच अभ्यास झाला असून सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट विचारले गेल्याने बऱ्याच जणांना हायसे वाटते, असेच त्यातून दिसले आहे. आईला आणि पाहुण्यांना बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बसा आणि साध्या शब्दांत म्हणा, "त्या दिवशी मी फार बोललो, ते चुकले. तू म्हणालास की मी नसलेलाच बरा. बाळा, मरून जावे असे विचार तुझ्या मनात येतात का?" मग गप्प बसा. उत्तराला पाच मिनिटे लागली तरी थांबा. तो "हो" म्हणाला, तर "असे वेडेवाकडे बोलू नये", "आईचा तरी विचार कर", "तुझ्यासाठी आम्ही काय कमी केले" यांपैकी काहीही म्हणू नका, कारण ही वाक्ये प्रेमापोटी आली तरी ऐकणाऱ्याला एकच गोष्ट कळते, की आपण घरावरचे ओझे आहोत; आणि नेमका तोच विचार त्याला आधीपासून पोखरत असतो. त्याऐवजी हे विचार कधीपासून येतात, रोज येतात का, काही ठरवले आहे का, यापूर्वी कधी प्रयत्न केला होता का, हे शांतपणे विचारा. बरे झाले सांगितलेस, असे म्हणा आणि मनापासून म्हणा.

त्याने काही ठरवले असल्याचे किंवा पूर्वी प्रयत्न केल्याचे सांगितले, तर मात्र त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. तातडीची वेळ आली तर १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागा. पोलीस केस होईल म्हणून घाबरून थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. तो "नाही, तसे काही नाही" म्हणाला, तरी पुढचे काही आठवडे घरातली औषधे आणि शेतात फवारायची औषधे कुलपात, शक्यतो घराबाहेर दुसऱ्या कोणाच्या ताब्यात ठेवा. संकटाची तीव्र लाट पुष्कळदा काही तासांत ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणे, यानेच अनेक जीव वाचतात. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते, तिथे मराठीत बोलता येते आणि तिथे तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. मुलाला हा क्रमांक कागदावर लिहून द्या. मोबाइल काढून घेतला असेल तर तोही परत द्या.

मोबाइलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घरोघरी पहिली कारवाई तीच होते. तुमच्या दृष्टीने 'हे सगळे' त्या मोबाइलमधून आले. त्याच्या दृष्टीने त्याला ओळखणारी जगातली दोन-चार माणसे त्या मोबाइलमध्ये आहेत. ज्या आठवड्यात घर परके झाले, त्याच आठवड्यात मित्रही तोडले, तर त्याच्यापाशी काय उरले? मात्र मोबाइलशी संबंधित एक प्रश्न तुम्ही जरूर विचारायला हवा: "तुला कोणी धमकावते आहे का? फोटो घरी पाठवीन, असे म्हणून कोणी पैसे मागते आहे का?" ओळखी जुळवणाऱ्या अ‍ॅपवर मुलांना गाठून, नंतर बदनामीची भीती घालून पैसे उकळण्याचे प्रकार माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये मी वारंवार पाहतो. वरवर अभ्यासाचा ताण वाटणाऱ्या काही संकटांच्या मुळाशी अशी एखादी धमकी असते आणि घराला कळेल या भीतीने मुलगा ती एकटाच सोसत असतो. तुमच्या घराला तर आता कळलेच आहे, म्हणजे धमकी देणाऱ्याचे अर्धे बळ गेले आहे. ते मुलाला तसे सांगा. मग पैसे देत बसण्यापेक्षा संदेश जपून ठेवून सायबर पोलिसांकडे किंवा १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि तो अठरा वर्षांखालचा असल्याने १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावरही मदत मागता येते.

आता तुमच्या पाहुण्यांनी सुचवलेल्या डॉक्टरांविषयी. त्यांच्याकडे नेऊ नका. हे मी व्यवसायबंधूंच्या स्पर्धेपोटी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, ती १७ मे १९९० रोजी. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तो आजार नसल्याची भूमिका जाहीरपणे मांडली, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध, त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. लैंगिक कल बदलण्याचा दावा करणारे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले आहे. तेव्हा तीन महिन्यांत बरे करण्याचे आश्वासन देणारा डॉक्टर मुळात जो आजारच नाही त्यावर उपचार विकत आहे, आणि तेही नियम मोडून. या नावाखाली कोणी विजेचे झटके दिले, कोणी हार्मोनची इंजेक्शने दिली, कोणी नुसतेच महिनोन्महिने मुलाला स्वतःची किळस यावी असे बोलत राहिले. कल कोणाचाच बदलला नाही. मात्र डॉक्टर या जातीवरचाच विश्वास उडालेली मुले पुढे माझ्यापर्यंत आली, तीही उशिरा. भगत, देवऋषी, अंगारे-धुपारे यांचेही तेच. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात मुलगा बायकी वाटला म्हणून त्याला यल्लम्माला सोडण्याची प्रथाही मी पाहिली आहे. काही घरांना ती सोपी सुटका वाटते, पण त्यात मुलाचे शिक्षण आणि घर दोन्ही सुटते.

हा गैरवर्तनाचा निर्णय ज्या खटल्यातून आला, त्याची एक गोष्ट मी पालकांना आवर्जून सांगतो. मदुराईच्या दोन तरुणी एकमेकींसोबत राहण्यासाठी चेन्नईला गेल्या होत्या आणि त्यांच्या आईवडिलांनी त्या हरवल्याच्या तक्रारी केल्या होत्या. मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे प्रकरण आले, तेव्हा या विषयाची आपल्याला पुरेशी जाण नाही हे त्यांनी उघड मान्य केले, स्वतः एका मानसशास्त्रज्ञांसोबत बसून तो समजून घेतला आणि त्यानंतर ७ जून २०२१ रोजी सविस्तर आदेश दिला. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना "मला हे समजत नाही, मी शिकतो" असे म्हणता येते, तर तुम्हा-आम्हाला म्हणायला काहीच हरकत नसावी. शिवाय त्यांनी आधी त्या मुलींना संरक्षण दिले आणि समजून घेण्याचे काम नंतर केले. तुमच्या घरातही क्रम हाच असावा, असे मला म्हणायचे आहे. तुम्हाला हे पटायला वर्ष लागेल, कदाचित तीन लागतील. मुलाला ते चालेल. तोवर या घरातली त्याची जागा शाबूत आहे की नाही, हे मात्र त्याला आजच कळायला हवे.

असे मी का म्हणतो, ते सांगतो. या मुलांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळतात, हे खरे आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये शालेय विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय पाहणीत समलिंगी, उभयलिंगी (मुलगे आणि मुली दोन्हींकडे ओढ असलेल्या) किंवा आपला कल अजून ठरलेला नाही म्हणणाऱ्या मुलांपैकी सुमारे २२ टक्क्यांनी, तर इतर मुलांपैकी सुमारे ६ टक्क्यांनी वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगितले. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्येच्या १,७०,९२४ मृत्यूंची नोंद आहे, त्यातले सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातले; देशभरातले विद्यार्थी १३,०४४. लैंगिक कलाचा रकाना त्या अहवालात नाही. कारणांमध्ये सर्वांत मोठा रकाना 'कौटुंबिक समस्या' हा असतो, आणि तुमच्या मुलासारखी किती मुले त्या दोन शब्दांत गडप झाली असतील, याचा विचार दर वर्षी माझ्या मनात येतो.

पण हा धोका त्या कलातून येतो, असा अर्थ काढणे चूक ठरेल. शाळेत 'बायल्या' म्हणून झालेली चिडवाचिडवी, सतत सावध राहून बोलणे-चालणे, कोणाला कळेल का ही वर्षानुवर्षांची धास्ती आणि शेवटी हे सगळे आपल्यात काही कमी आहे म्हणून घडते अशी बसलेली समजूत, यांचा थर साचत जातो. या सगळ्यात घराचे वजन सर्वांत जास्त असते. कॅटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, किशोरवयात घरातून तीव्र नकार मिळालेल्या समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, नकार न मिळालेल्या किंवा अगदी थोडा मिळालेल्या तरुणांच्या ८ पटींहून अधिक आढळले. अभ्यास लहान होता, २२४ जणांचा, देश वेगळा, आणि अशा अभ्यासातून कार्यकारणभाव थेट सिद्ध होत नाही. तरीही मी तो पालकांना सांगतो, कारण मध्यम नकार असलेली घरे त्यात मधल्या पायरीवर होती. म्हणजे तुमच्यापुढे पूर्ण स्वीकार आणि पूर्ण नकार अशी दोनच दारे नाहीत. टोमणे थांबवणे, पाहुण्यांसमोर त्याची बाजू राखणे, पूर्वीसारखे त्याला ताटावर बोलावणे, अशा प्रत्येक गोष्टीने धोका थोडा थोडा खाली येतो, असे मानायला जागा आहे.

बारावी होईपर्यंत विषयच काढू नये, हा सल्ला मी स्वतः एकदा दिला आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत तुमच्यासारखेच एक वडील आले होते आणि मला स्वतःला या विषयाचे जेमतेम ज्ञान होते. "वय लहान आहे, अभ्यासात गुंतवा, सध्या काही बोलू नका," असे मी सांगितले आणि त्या घराने ते तंतोतंत पाळले. तो मुलगा नोकरीला लागल्यावर मला भेटायला आला. म्हणाला, "डॉक्टर, त्या वर्षी मला कोणी मारले नाही, कोणी रागावलेही नाही, पण ताट वाढताना माझ्याकडे कोणी पाहिले नाही." त्या वर्षी तो दोनदा मृत्यूच्या दारात जाऊन परतला होता आणि घरात कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. मौन पालकांना संयमासारखे वाटते, मुलाला ते शिक्षेसारखे वाटते. अभ्यासासाठी विषय बाजूला ठेवायचाच असेल, तर तसे स्पष्ट बोलून ठेवा: "मला यातले फार कळत नाही, मी समजून घेईन. तू माझा मुलगा आहेस, त्यात काही बदललेले नाही. परीक्षेच्या आधी तुला बोलायचे असेल तेव्हा बोलू, नसेल तर नको." एवढे बोलून झाल्यावरची शांतता वेगळी असते.

त्याला डॉक्टरांची गरज आहे का? असू शकते, आणि ती नैराश्यासाठी. झोप उडणे किंवा दिवसभर झोपणे, जेवण तुटणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, गुण एकदम घसरणे, स्वतःच्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीचे बोलणे यांतले काही दोन आठवडे टिकले, तर वाट पाहू नका. शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर दोन दिवससुद्धा नको. आधी फोन करून विचारा, "तुम्ही कल बदलण्याचे उपचार करता का?" उत्तर "हो" किंवा "बघू या" असे आले, तर दुसरे डॉक्टर शोधा. नैराश्यावरची औषधे या वयात सुरू केली, की पहिल्या काही आठवड्यांत मुलावर अधिक लक्ष ठेवावे लागते, तेव्हा ठरलेली फेरतपासणी चुकवू नका. त्याला डॉक्टरांशी तुमच्याविना बोलू द्या. गोपनीयतेची मर्यादा कुठे संपते, हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्या, कारण अठरा वर्षांखालच्या मुलाचा लैंगिक संबंध आल्याचे कळल्यास बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक असते, आणि मध्येच असे काही घडले तर मुलगा पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार नाही.

इथपर्यंत मी तुमचा मुलगा समलिंगी आहे असे धरून लिहिले, कारण तुम्ही तसे लिहिले आहे. कदाचित तो उभयलिंगी असेल. कदाचित त्याचा प्रश्न कोण आवडते हा नसून आपण मुलगा आहोत की मुलगी हा असेल. ते त्यालाच सांगू द्या, आणि सांगायला वेळ लागला तर लागू द्या. पारलिंगी मुलांच्या वाट्याला आणखी वेगळे ताण येतात: बदलणारा आवाज, गणवेश, वसतिगृहातली मुलांची खोली, हजेरीत पुकारले जाणारे नाव. अशा मुलांना त्यांनी स्वतःसाठी निवडलेल्या नावाने घरी, शाळेत, मित्रांत हाक मारली जाते तेव्हा त्यांच्यातले आत्महत्येचे विचार कमी असतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. एका हाकेने एवढे होते, हे मलाही तेव्हा नवे होते.

आता त्याच्या आईविषयी, कारण तुम्ही लिहिले आहे की त्या जेवत नाहीत आणि देवघरासमोर बसून असतात. त्यांचे दुःख खोटे नाही. सून, नातवंडे, भावकीतला मान, असे मनात रंगवलेले बरेच काही एका दुपारी कोसळले आहे. पण ते दुःख मुलासमोर मांडले, की त्याचा जमाखर्च मुलाच्या खात्यावर पडतो: माझ्यामुळे आई उपाशी आहे. म्हणून त्यांना रडायला दुसरी जागा द्या. मुंबईत 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' हा अशा मुलांच्या आईवडिलांचाच गट आहे. ज्या आईने हे सगळे भोगले आहे, तिचे दहा मिनिटांचे बोलणे माझ्या तासाभराच्या सल्ल्यापेक्षा पुष्कळदा जास्त कामाला येते. पुण्यात २००२ पासून 'समपथिक ट्रस्ट' आणि मुंबईत १९९४ पासून 'हमसफर ट्रस्ट' या विषयात काम करत आले आहेत. आणि ज्या पाहुण्यांना कळले आहे, त्यांना तुम्ही स्वतः सांगा, की हे पुढे कोणाला सांगायचे नाही. कोणाला, कधी सांगायचे हे मुलगा ठरवेल. एकदा त्याच्या हातून ते काढून घेतले गेले, दुसऱ्यांदा नको.

राहिला सुट्टी संपल्यावर पुण्याला पाठवावे की नाही, हा प्रश्न. तुम्ही तो विचारलेला नाही, पण चार दिवसांत तो येईलच. मरणाचे विचार चालू असतील, तर पाठवू नका. बारावीचे वर्ष गेले तर पुन्हा देता येते. तसे नसेल, तर इथले वातावरण त्याला पुण्यापेक्षा जड वाटत असण्याची शक्यता आहे, तेव्हा त्यालाच विचारा. जायचे म्हणाला, तर या वेळी एसटीत बसवून देऊ नका, खोलीपर्यंत सोबत जा. तिथे त्याला विश्वासाची वाटणारी एक तरी व्यक्ती कोण आहे हे विचारून घ्या. ती व्यक्ती म्हणजे त्याचे ज्याच्यावर प्रेम आहे तोच मुलगा निघाला, तरी चेहरा वाकडा करू नका. रात्री कोणत्या वेळी फोन करायचा ते दोघांनी मिळून ठरवा, आणि पहिले काही दिवस त्या फोनवर अभ्यासाचा विषय तुम्ही काढू नका.